६डीजी५ चं मॉडेल छापतोय, फलकावर काय लिहू?

माळावरचा मास्तर

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. शाळेत अटल टिंकरिंग लॅबचा थ्रीडी प्रिंटर आहे. त्यावर आजवर गणपती, मोबाइल ठेवायचे स्टँड आणि प्राचार्यांच्या नावाची पाटी एवढंच छापून झालंय. येत्या २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात प्रथिनाचं मॉडेल ठेवायचं ठरलंय. हिमोग्लोबिन नको म्हणाली पोरं, ते पुस्तकात आहे. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर यांना मिळालं तेव्हा वर्गात त्यावर बोललो होतो. त्यामुळे माणसाने स्वतः बेतलेलं प्रथिनच हवं, असा हट्ट धरून बसलीत.

शोधाशोध केल्यावर बेकर यांच्या गटाचं निओ-२/१५ सापडलं. २०१९ मध्ये नेचरमध्ये आलेलं. प्रतिकारशक्तीच्या पेशींना निरोप देणाऱ्या इंटरल्यूकिन-२ ची, म्हणजे आयएल-२ ची जागा घेणारं. प्रथिनांच्या रचना साठवणाऱ्या प्रोटीन डेटा बँकेत ६डीजी५ या क्रमांकाला ते रिसेप्टरला, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटलेल्या अवस्थेत आहे. फाइल उतरवून घेतली, स्क्रीनवर फिरवून पाहिली. मधे चार दांड्यांचं एक छोटं गाठोडं, दोन बाजूंना दोन मोठे वाकडे तुकडे. दिसायला देखणं आहे, पण समोर उभं राहून समजावून सांगायचं म्हणजे माझीच पंचाईत.

पहिली अडचण अशी, की पेपर म्हणतो या प्रथिनाची बांधणी आणि अमिनो आम्लांची रांग मूळ आयएल-२ पेक्षा वेगळी आहे. मग ते त्याच खुर्चीत जाऊन बसतं कसं? दुसरं, फाइलमध्ये रिसेप्टरपुढे 'मस मस्क्युलस' लिहिलंय. उंदीर? माणसाच्या औषधासाठी उंदराचा रिसेप्टर का? तिसरा प्रश्न एका पोराचा आहे आणि मला तो आवडला: 'सर, रिसेप्टर पेशीच्या पडद्यात असतो ना, मग त्याचा खडा कसा केला? आणि खड्यात दिसतं तसंच तो शरीरात असतो हे कशावरून?'

आणि शेवटचं म्हणजे प्राचार्यांना फलकावर मोठ्या अक्षरात 'कॅन्सरवरचे नवे औषध' असं हवंय. पालक येणार आहेत म्हणे. लिहू का?

स्फटिकी

मास्तर, निवड झकास. प्रथिनांचे स्फटिक करता करता माझे केस पिकलेत, तेव्हा उत्तर लांबणार आहे.

निओ बाजूला ठेवा, आधी मूळ आयएल-२ घ्या. टी-पेशींनी सोडलेला आणि मुख्यतः टी-पेशींनीच वाचायचा 'वाढा' असा निरोप. १३३ अमिनो आम्लं, चार हेलिक्स, म्हणजे मळसूत्री दांडे, एकमेकांना लगटून उभे. तुमच्या भागातलंच सांगायचं तर चार उसांची मोळी. निरोप वाचणारा रिसेप्टर तीन साखळ्यांचा: अल्फा म्हणजे सीडी२५, बीटा म्हणजे सीडी१२२ आणि गॅमा म्हणजे सीडी१३२. या चौघांचं एकत्र चित्र २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिस गार्सिया यांच्या प्रयोगशाळेने सायन्समध्ये छापलं, क्रमांक २बी५आय, रेझोल्यूशन २.३ आँग्स्ट्रॉम (आकडा लहान तितकं चित्र स्पष्ट). ती फाइलही उतरवून घ्या. ती शेजारी नसेल तर ६डीजी५ मध्ये काय गंमत आहे ते कळणारच नाही.

२बी५आय नीट फिरवून बघा. बीटा आणि गॅमा मोळीला दोन बाजूंनी धरतात, कोपरात हात वाकवून धरल्यासारखे. अल्फा वरून येऊन बसते आणि बीटा-गॅमाला कुठेही शिवत नाही. आहे ना अजब? तिघांनी मिळून धरलं तर पकड पिकोमोलरमध्ये, म्हणजे कमालीची घट्ट, जाते, पण अल्फाचा बाकी दोघांशी संपर्क शून्य. निरोप पेशीच्या आत पोचवायचं काम बीटा आणि गॅमाच्या शेपट्यांचं. बीटाला आतून जॅक१ नावाचं विकर चिकटलेलं असतं, गॅमाला जॅक३. दोन्ही साखळ्या जवळ आल्या की हे दोघे जागे होतात आणि पुढे स्टॅट५ हे निरोप्या प्रथिन कामाला लागतं. अल्फाची शेपटी आखूड, तिला आत काही सांगता येत नाही.

आता बेकर मंडळींनी काय केलं? मोळीच्या ज्या बाजू बीटा-गॅमाला लागतात तेवढ्या राखल्या. अल्फाला लागणारा हेलिक्स काढून टाकला आणि त्याच्या जागी नुसता आधाराला एक नवा घातला. मग चारही दांडे जोडायचा क्रमच बदलला. निसर्गात १-२-३-४ असा क्रम आहे आणि दोन जोडण्या लांबलचक, मोळीच्या टोकाला वळसा घालून जाणाऱ्या. निओमध्ये १-३-२-४, आणि सगळ्या जोडण्या आखूड. १०० अमिनो आम्लांत काम झालं. उसाच्या टोकाला दोरी कोणत्या क्रमाने फिरवली याच्याशी मोळी हातात धरणाऱ्याला काय देणंघेणं? त्याच्या तळव्याला लागते ती बाहेरची साल. रिसेप्टरचंही तेच. तुमचा पहिला प्रश्न इथे संपला.

उंदराचं आणि खड्याचं रात्री लिहिते.

दीडशहाणा

एक भाबडा प्रश्न. आता अल्फाफोल्ड ही एआय प्रणाली आहे. रांग टाकली की आकार हजर. मग २०१९ चं क्ष-किरणांनी काढलेलं चित्र प्रदर्शनात कशाला? पोरांना अल्फाफोल्डच दाखवा की. नोबेल त्यालाही आहेच, त्याच वर्षीचं, त्याच यादीतलं.

स्फटिकी

दीडशहाणे, नाव सार्थ केलंत. अल्फाफोल्ड शिकला कशावर? प्रोटीन डेटा बँकेतल्या, आम्ही लोकांनी रात्री जागून काढलेल्या रचनांवर. तो उत्तम आहे, मी रोज वापरते. पण तो अंदाज सांगतो आणि ६डीजी५ ही तपासणी आहे. बेकरच्या गटाने संगणकावर आधी ठरवलं की प्रथिन असं घडी पडेल आणि असं बसेल. नंतर ते बनवलं, रिसेप्टरसकट त्याचे स्फटिक केले, क्ष-किरण मारले आणि बघितलं. एकट्या निओ-२/१५ ची रचना वेगळी काढलीय, ६डीजी६ म्हणून, सुमारे २ आँग्स्ट्रॉमला. जोडलेलं सुमारे २.५ ला. दोन्ही चित्रं मूळ आराखड्याशी जुळली. आधी बोलून मग करून दाखवणं यालाच किंमत आहे.

आणि क्ष-किरणांचं चित्र म्हणजे देववाणी नव्हे, हेही पोरांना सांगा. याच आयएल-२ ची पहिली रचना १९८७ मध्ये सायन्समध्ये आली होती. त्यात हेलिक्स होते, पण कोणता कुठे जोडलाय हे चुकलं होतं. १९९२ मध्ये त्यावर आक्षेप आला आणि दुरुस्ती झाली. त्या काळचे नकाशे धूसर, त्यातून माग काढायचा म्हणजे नजरेचं काम. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, आधी रंगीत फिती बघू नका, आधी इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा उघडा. निळी जाळी १ सिग्मावर ठेवा. बाजूची साखळी जाळीत बसते का? मॉडेल आणि मोजमाप जुळत नाही तिथे उमटणारे हिरवे-लाल ठिपके ३ सिग्मावर किती आणि कुठे आहेत? निओ आणि बीटा जिथे भिडतात तिथे जाळी सलग असेल तर बोला, नाहीतर गप्प बसा.

आणखी एक खोच. अशा कामात एक धोका असतो. क्ष-किरणांच्या ठिपक्यांतून तीव्रता मिळते, फेज, म्हणजे लाट कुठल्या टप्प्यात आहे ते, मिळत नाही. ती उसनी घ्यावी लागते, बहुधा आधीच्या एखाद्या मिळत्याजुळत्या रचनेवरून. समजा कुणी स्वतःचा आराखडाच त्यासाठी वापरला, तर नकाशा थोडाफार त्या आराखड्यासारखा दिसणारच. आपणच लिहिलेल्या पत्राची आपणच पोच देण्यातला प्रकार. त्यामुळे डिझाइन केलेल्या कुठल्याही प्रथिनाचा पेपर हातात आला की मेथड्समध्ये फेज कुठून आणली ते वाक्य मी सगळ्यात आधी शोधते. मग त्या भागाची माहिती वगळून काढलेला नकाशा बघते. मास्तर, तुमच्या पोरांतलं एखादं पुढे यात पडलं तर त्याला एवढं लक्षात ठेवायला सांगा.

आता उंदीर. आराखडा माणसाच्या रिसेप्टरवरून, म्हणजे त्या २००५ च्या रचनेवरून सुरू झाला. तयार झालेलं निओ-२/१५ माणसाच्या बीटा-गॅमालाही धरतं आणि उंदराच्याही. माणसाच्या बीटा-गॅमावर त्याची पकड मूळ आयएल-२ पेक्षा साधारण दहापट घट्ट. उंदराशी जुळलं याचा मोठा फायदा असा की तेच प्रथिन, काही न बदलता, उंदरांतल्या गाठींवर तपासता आलं. स्फटिक मात्र उंदराच्या रिसेप्टरसोबतचे छापलेत. आमच्या धंद्यात जे स्फटिक जमतात तेच छापले जातात, त्यात मानापमान नसतो. पण फलकावर 'उंदराचा रिसेप्टर' असं स्वच्छ लिहा. ते गाळलंत तर मी स्वतः एसटी धरून सांगलीला येईन.

तुमच्या त्या पोराचा प्रश्न खरंच चांगला आहे. इथे पडद्यासकट रिसेप्टरचा स्फटिक केलेला नाही. पडद्याबाहेर डोकावणारा भाग तेवढा वेगळा बनवतात. पडद्यातून जाणारा दांडा नाही, आतली शेपटी नाही, जॅक नाहीत. असे रिसेप्टर बहुतेक वेळा कीटकांच्या पेशींत वाढवतात, कारण त्यांच्या अंगावर साखरेच्या साखळ्या लागतात आणि जिवाणूंना त्या नीट लावता येत नाहीत. मग त्याच साखळ्या वळवळत राहतात आणि रेणूंना ओळीत बसू देत नाहीत, म्हणून विकरं घालून छाटायच्या. आधी लावायची सोय करा, नंतर कापा. मग निओ, बीटा आणि गॅमा एकत्र करून, रेणू आकाराप्रमाणे वेगळे करणाऱ्या स्तंभातून सोडतात. तिघं मिळून एक जड ऐवज म्हणून बाहेर आले की तेवढा अंश गोळा करायचा आणि मायक्रोलिटरच्या हिशोबाचे थेंब झाकणाला लटकवून ठेवायचे. थेंबातलं पाणी हळूहळू खालच्या तीव्र द्रावणाकडे ओढलं जातं, थेंब आटतो. नशीब असेल तर स्फटिक, नाहीतर चॉकलेटी गाळ. सूक्ष्मदर्शकाखाली थेंबाच्या कडेला एखादा टोकदार काचेसारखा तुकडा दिसला की आधी आनंद, मग संशय. मीठ तर नाही ना? सुईने हलकं ढोसायचं. मीठ कडक असतं, टिचकन उडतं. प्रथिनाचा स्फटिक लोण्यासारखा चुरतो, आणि तो खरा होता हे तो हातचा गेल्यावर कळतं.

हा खडा कोरडा नसतो हेही त्याला सांगा. प्रथिनाच्या स्फटिकात साधारण निम्मं पाणी असतं. कित्येक विकरं स्फटिकात असतानाही आपलं काम करत राहतात. म्हणजे आकार बराचसा खरा. हालचाल मात्र गोठलेली, आणि शेजारचे रेणू एकमेकांना रेटत असल्याने एखादं लोंबतं टोक भलत्याच बाजूला वळलेलं असू शकतं. म्हणून प्रथिन आणि रिसेप्टर भिडतात तो पृष्ठभाग कुठला आणि दोन रेणूंच्या नुसत्या शेजारामुळे झालेला स्पर्श कुठला, हे वेगळं ओळखावं लागतं.

क्ष-किरणांसाठी आपल्याकडे इंदूरला इंडस-२ हे जोरदार क्ष-किरण देणारं यंत्र आहे, त्यावर प्रथिनांच्या स्फटिकांसाठी वेगळी बीमलाइन (किरणांची वाट) आहे. पूर्वी आपला जैवतंत्रज्ञान विभाग ग्रेनोबलची बीएम१४ ही बीमलाइन चालवायला हातभार लावायचा, तेव्हा द्रव नायट्रोजनच्या डब्यातून स्फटिक फ्रान्सला जायचे. विमानतळावर त्या डब्यात काय आहे हे समजावताना आलेला घाम वेगळा.

पेशीपुराण

स्फटिकीताईंनी रचना सांगितली, मी पेशींच्या बाजूने थोडं जोडतो. बोस्टनजवळ टी-पेशींवर काम करतो, मूळचा साताऱ्याचा.

अल्फा काढून टाकण्यासाठी एवढा आटापिटा का, हे फलकावर आलं नाही तर सगळं बिनबुडाचं वाटेल. आयएल-२ औषध म्हणून अमेरिकेत १९९२ पासून आहे, प्रोल्युकिन नावाने, आधी मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी, १९९८ पासून मेलॅनोमासाठीही (त्वचेचा एक कॅन्सर). थोड्याच रुग्णांना लागू पडतं, पण ज्यांना पूर्ण लागू पडतं त्यांच्यातले काही वर्षानुवर्षं बरे राहतात. अडचण मात्रेची. जास्त मात्रेत रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, रक्तदाब कोसळतो, रुग्णाला अतिदक्षता विभागाच्या तयारीनेच ठेवावं लागतं. कमी मात्रा दिली, तर ती आधी कुणाला मिळते? ज्यांच्या अंगावर अल्फा भरपूर आहे त्यांना. आणि अल्फा कायम मिरवत फिरणाऱ्या पेशी म्हणजे नियामक टी-पेशी, ज्यांचं कामच बाकीच्यांना आवरायचं. म्हणजे कॅन्सरशी लढायला पाठवलेली रसद भांडण मिटवायला आलेल्या मंडळींनी वाटेतच खाल्ली. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींवरही अल्फा असते, पाझरण्याचा एक धागा तिथेही जातो. म्हणून सगळ्यांना अल्फाशिवाय चालणारं आयएल-२ हवं होतं.

गॅमाबद्दल एक ओळ मुलांना नक्की सांगा. ती फक्त आयएल-२ ची नाही. आयएल-४, ७, ९, १५ आणि २१ यांनाही तीच लागते. तिचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. ते बिघडलं की मुलगा जन्मतः जवळजवळ प्रतिकारशक्तीविना येतो, हे १९९३ मध्ये उलगडलं. तुमच्या मॉडेलमधला तो एक वाकडा तुकडा नसला तर माणूस साध्या संसर्गाने जातो. बारावीला लिंगसहलग्न आनुवंशिकता आहेच, तिथे जोडून टाका.

आणि नावातला '१५' कुठून आला असं कुणी विचारलं तर: आयएल-१५ हेही याच बीटा-गॅमावर बसतं, फक्त त्याची स्वतःची अल्फा वेगळी. निओला दोन्ही अल्फांची गरज नाही.

माळावरचा मास्तर

बापरे, केवढं दिलंत सगळ्यांनी. काल तासाला २बी५आय आणि ६डीजी५ शेजारी शेजारी प्रोजेक्टरवर फिरवल्या. अल्फा बाकी दोघांना शिवत नाही हे पोरांनीच शोधलं, मी मुद्दाम सांगितलं नव्हतं.

पण त्यावरून एका मुलीने मला कोंडीत पकडलंय. ती म्हणते, अल्फा बीटाला शिवतच नाही, तर ती असल्याने बीटाची पकड सुधारते कशी? आणि निओने बीटा-गॅमाला लागणारी बाजू मूळचीच राखली, तर ते मूळ आयएल-२ पेक्षा घट्ट कसं बसतं? मी 'उद्या सांगतो' म्हणून वेळ मारून नेली आहे.

स्फटिकी

त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. या विषयातलं सगळ्यात रसाळ तेच आहे.

अल्फाचं सोपं कारण असं की ती पेशीवर आयएल-२ पकडून धरते, म्हणजे बीटाला ते हवेतून शोधावं लागत नाही. दुसरं कारण बारीक आहे. एकट्या आयएल-२ मध्ये तिसरा हेलिक्स, ज्याला सी म्हणतात, तो जरा सैल असतो, हलतो. आणि नेमका तोच बीटाच्या पकडीत यायचा असतो. अल्फा वरून बसली की तो हेलिक्स जागेवर येतो, बीटासाठी योग्य अशा ठेवणीत.

हे कशावरून? २०१२ मध्ये गार्सियांच्याच गटाने नेचरमध्ये सुपर-२ छापलं. त्यांनी डिझाइन केलं नाही, उत्क्रांतीच घडवली. आयएल-२ चे असंख्य बदललेले नमुने यीस्टच्या अंगावर उगवले, बीटाला घट्ट धरणारे निवडले, पुन्हा बदलले, पुन्हा निवडले. निघालेल्या नमुन्याची बीटावरची पकड सुमारे २०० पट वाढली. सगळ्यांना वाटणार की बदल बीटाला भिडणाऱ्या पृष्ठभागावर असतील. रचना बघितली तर ते बहुतेक मोळीच्या आत, गाभ्यात. ८० वा ल्युसीन जाऊन फिनाइलअलानिन, ९२ वा आयसोल्युसीन जाऊन तोच, ८५ आणि ८६ व्या जागी व्हॅलीन. आतली पोकळी वेगळी भरली आणि सैल हेलिक्स आवळला गेला. अल्फा जे बाहेरून करत होती ते या बदलांनी आतून केलं. म्हणून सुपर-२ ला अल्फाची गरज उरली नाही.

यातला धडा त्या मुलीला आवडेल. बांधलेल्या अवस्थेतलं सुपर-२ आणि बांधलेलं साधं आयएल-२ शेजारी ठेवलं तर फरक फारसा दिसतच नाही. फरक होता तो एकटं असतानाच्या डळमळण्यात. सुटं प्रथिन सोडवून, संगणकावर त्याची हालचाल चालवून तो कळला. नुसतं जोडलेलं चित्र बघून कुणी 'घट्ट का?' याचं उत्तर देत असेल तर त्याला सुटं चित्र मागा.

निओबाबत माझं मत असं: सगळे दांडे ताठ, जोडण्या आखूड, गाभा ठासून भरलेला. ते आधीपासूनच बसायच्या ठेवणीत उभं असतं, रिसेप्टरला त्याला आवरावं लागत नाही. वर भिडणाऱ्या बाजूतही सगळी अमिनो आम्लं मूळची ठेवलेली नाहीत, निवड करून काही बदललीत. सुटं ६डीजी६ आणि जोडलेलं ६डीजी५ एकमेकांवर ठेवून दाखवा. दांडे जवळपास एकावर एक पडतात.

हात घालून दाखवायचं काही हवं असेल तर २बी५आय मध्ये आयएल-२ चा २० वा अस्पार्टिक आम्ल शोधायला लावा, पहिल्या हेलिक्सवर. तो बदलला तर बीटाची पकड जवळपास जाते. आणि शेवटच्या हेलिक्सवरचा १२६ वा ग्लुटामिन, तो गॅमाकडे तोंड करून आहे. रिसेप्टरच्या रांगेत ट्रिप्टोफॅन-सेरीन-कुठलंही एक-ट्रिप्टोफॅन-सेरीन असा ठसाही सापडेल, पडद्याजवळच्या भागात. या घराण्यातल्या बहुतेक रिसेप्टरांच्या कपाळी तो असतो. शोधायला दिला की वर्ग दहा मिनिटं शांत.

हिंजवडीकर

प्राचार्यांच्या त्या ओळीवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. औषधांच्या चाचण्यांची कागदपत्रं बघणं हे माझं रोजचं काम.

'कॅन्सरवरचे नवे औषध' लिहू नका. निओ-२/१५ ने उंदरांतल्या मेलॅनोमा आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या मॉडेलमध्ये आयएल-२ पेक्षा चांगलं काम केलं आणि त्रास कमी दिला, हे पेपरात आहे आणि खरं आहे. उंदरांत त्याविरुद्ध प्रतिपिंडं दिसली नाहीत, हेही त्याच पेपरात आहे. पुढे सिॲटलच्या नियोल्युकिन थेरप्यूटिक्स कंपनीने त्याला पॉलिइथिलीन ग्लायकॉलची शेपटी जोडून शरीरात जास्त वेळ टिकेल असं केलं आणि एनएल-२०१ नावाने माणसांत चाचणी सुरू केली. २०२२ च्या नोव्हेंबरात कंपनीने ते काम थांबवलं. रुग्णांच्या शरीरात औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होत होती, हा त्यातला मोठा मुद्दा. रचना आराखड्याबरहुकूम होती, रिसेप्टरला पकड होती, निरोपही पोचत होता. पण माणसाच्या रक्ताला ते परकं वाटलं. स्फटिकाच्या फाइलमध्ये हे कुठेच दिसणार नव्हतं.

त्याच वर्षी बेमपेगाल्डेस्ल्युकिन नावाचं आयएल-२ चंच दुसरं रूपही मेलॅनोमावरच्या चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यात नापास झालं. त्यात अल्फाची बाजू ग्लायकॉलच्या शेपट्यांनी झाकायची कल्पना होती. म्हणजे अल्फा टाळली की झालं, एवढं सोपं ते प्रकरण नाही. पालकांपैकी कुणाच्या घरात कॅन्सरचा रुग्ण असला तर तो पाटी वाचून 'हे कुठे मिळतं' विचारायला येईल. तेव्हा मास्तर काय सांगणार?

दीडशहाणा

मग अपयशी औषधाचं मॉडेल ठेवायचं? प्राचार्य खूश होतील.

हिंजवडीकर

ठेवायचंच. औषध म्हणून थांबलं, प्रथिन म्हणून बरोबर निघालं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे बारावीच्या मुलाला कळलं तर मला पुढे कमी भांडावं लागेल.

माळावरचा मास्तर

प्राचार्यांशी बोललो. रुग्णाच्या नातेवाइकाचा मुद्दा त्यांना लगेच पटला, त्यांच्याच घरात तसं होऊन गेलंय. आता मजकूर असा केलाय:

'संगणकावर बेतलेले प्रथिन निओ-२/१५ (मधले, पिवळे) उंदराच्या आयएल-२ रिसेप्टरच्या बीटा (निळी) आणि गॅमा (हिरवी) साखळ्यांना धरून बसलेले. क्ष-किरण स्फटिकचित्रणाने २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रचनेवरून. रिसेप्टरचा पेशीबाहेरील भागच दाखवला आहे. यावरून तयार केलेल्या औषधाची माणसांमधील चाचणी २०२२ मध्ये थांबवण्यात आली.'

चालेल का? आणि छापताना अडलोय. गॅमाच्या फितीत मधेच तुटक जागा येतेय, प्रिंटर तिथे तुकडे पाडतो. पोरं म्हणतात जोडून टाकू.

स्फटिकी

मजकूर उत्तम. 'दाखवला आहे' च्या पुढे 'पेशीचा पडदा खालच्या बाजूला समजावा' एवढं घाला, नाहीतर लोक मॉडेल उलटं धरतात.

तुटक जागा जोडू नका. तिथे साखळी आहे, पण हलत असल्याने नकाशात दिसली नाही, म्हणून ज्यांनी रचना सोडवली त्यांनी ती मोकळी सोडली. गुळगुळीत नळी घालून ती भरली तर दिसलं नाही ते दाखवल्यासारखं होईल. दोन टोकांमध्ये पातळ तार लावा, प्लॅस्टिकपेक्षा वेगळी दिसेल अशी, तांब्याची चालेल. फितींची जाडी कायमेराएक्स या प्रोग्रामात वाढवून घ्या, मूळ जाडीवर छापलं तर हेलिक्स आधार काढतानाच मोडतात. तिघांच्या एसटीएल फाइल वेगळ्या काढा, एकत्र छापू नका. निओ सुटं निघून परत बसायला हवं, त्याशिवाय पोरांना पकड कुठे आहे ते हाताला कळणार नाही. त्यासाठी भिडणाऱ्या जागी बारीक चुंबक बसवा, दोन बीटाकडे, एक गॅमाकडे.

मोजपट्टी ठेवणार असाल तर: फाइलमधले १०० आँग्स्ट्रॉम १५ सेंटिमीटरला छापले तर आकार दीड कोटी पट होतो. आणि फाइलमध्ये रिसेप्टरच्या अंगाला चिकटलेले एनएजी नावाचे छोटे तुकडे असतील तर पुसू नका, ती छाटून उरलेली साखर असते. ते तुकडे पांढरे ठेवा.

माळावरचा मास्तर

चुंबक मागवलेत, तांब्याची तार फिजिक्सच्या लॅबमधून घेतली. पहिलं निओ काल छापून निघालं. मूळ क्रमातल्या दुसऱ्या (निओच्या रांगेत तिसऱ्या) हेलिक्सचं टोक जरा वितळलंय, पण तो अल्फाच्या जागचा आधाराचा दांडा आहे, रिसेप्टरला लागत नाही, म्हणून तसाच ठेवतोय. बीटा आज रात्री लावतो.